त्याच्या नावावर टाकलेल्या ओव्हर

अमरावतीहून अकोल्याकडे आणि अकोल्याहून पुन्हा इकडे, अशी माझी सगळी उमर एसटीत आणि दुसऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून गेली. मी भाड्याचा बोलर. टेनिस बॉलच्या गावोगावच्या टुर्नामेंटमध्ये ज्याला जिंकायचं असतं, तो मला बोलावतो. जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि पाकीट. मोठं क्रिकेट आमच्या नशिबात नव्हतं. ज्यांच्या नशिबात होतं त्यांच्यातल्या एकदोघांचे स्टंप मी धारणीच्या उतरत्या मैदानावर उडवलेत, हे कुणी विचारो न विचारो, मी सांगतोच.

भाड्याच्या बोलरला स्वतःचं नाव नसतं. नियम असा की खेळाडू गावचाच पाहिजे, म्हणून गावातल्या कुणाचं तरी नाव आम्हाला देतात. पंचांना माहीत असतं, समोरच्या टीमलाही. त्यांचाही बोलर कुठून तरी आणलेलाच असतो. नावाचा खरा मालक बहुतेक चाकणला कंपनीत असतो, नाहीतर बाउंड्रीवर उभा राहून स्वतःसाठीच टाळ्या वाजवतो. कौंडण्यपूरकडे एकदा मी एका शिपायाच्या नावावर हॅटट्रिक घेतली. तो त्यावर अजून लोकांकडून चहा पितो म्हणे.

अंजनगाव सुर्जीजवळच्या एका गावात कॅप्टननं मला असंच एक नाव दिलं. ते मी इथे लिहिणार नाही. मी सहज विचारलं, "कुठं आहे भाऊ हा?" तो म्हणाला, "बाहेर गेला." जर्सी दिली, ती मला खांद्यात अगदी बरोबर बसली. भाड्याच्या माणसाला कधीच काही बरोबर बसत नाही, पण तेव्हा मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पहिल्याच ओव्हरमध्ये विकेट पडली. भोंग्यावर कॉमेंट्रीवाल्यानं ते नाव घेतलं आणि मैदान गप्प झालं. कुणी धावत येऊन मिठी मारली नाही. कीपर आपल्या हातमोज्यांकडे बघत राहिला. मला वाटलं नो-बॉल पडला, म्हणून पंचाकडे बघितलं, तर त्याचं बोट वर होतं. मैदानाला लागून झेंडूचं वावर होतं. तिथे फुलं तोडणारी एक बाई कमरेतून सरळ झाली आणि भोंग्याकडे तोंड करून उभी राहिली. डाव संपेपर्यंत ती तशीच होती.

जिंकल्यावर कॅप्टननं खरं सांगितलं. त्या नावाचा पोरगा याच टीमचा बोलर होता आणि अकोटच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला होता. "त्याची जागा दुसऱ्या कोनाच्या नावानं भराची हिंमत नाई झाली भाऊ," तो म्हणाला. मी त्याची कॉलर धरली. मग जर्सी काढायला गेलो तर ती घामानं पाठीला चिकटली होती, निघता निघेना. मला भीती वाटली, सरळ सांगतो.

तेवढ्यात ती बाई आली. त्याची आईच होती. मी म्हटलं, "माय, मले मालूम नव्हतं." तिनं ते कानावर घेतलं नाही.

"किती खेपा नाव घेऊन रायला होता तो भोंगेवाला," ती म्हणाली. "घरात त कोनी घेतच नाई. त्याचे बाबा उठून जातात. पुढच्या साली येजो बापू." ओटीतला झेंडू तिनं माझ्या किटबॅगेत ओतला.

मग मी दरवर्षी जात राहिलो. तिथलं पाकीट मी कधी घेतलं नाही. बाकी गावांतली नावं मी परतीच्या गाडीतच विसरायचो, पण इथे चेंडू हातात घेतला की माझ्या पुढे कुणीतरी धावतंय असं वाटायचं. एरवी माझा चेंडू बाहेर निघायचा. तिथे तो आपोआप आत यायचा. कीपर एकदा म्हणाला, "त्याचाबी आतच येत होता." त्यानंतर मी कीपरशी बोलणं टाळलं.

मागच्या हंगामात खांदा गेला. अमरावतीच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, आता फळीवरचा डबा काढता आला तरी पुष्कळ. खांद्याचं दुःख झालंच, खोटं कशाला बोलू. पण माझी झोप उडाली ती त्या गावामुळे. मी ओव्हर नाही टाकल्या तर तिच्या पोराचं नाव कोण घेणार? फोनवर सांगायची गोष्ट नव्हती. टुर्नामेंटच्या दिवशी एसटी धरली आणि सरळ झेंडूच्या वावरात, बांधावर तिच्याजवळ जाऊन बसलो.

"माय, हात गेला. आता नाई टाकता येत."

समोर तिच्या गावची टीम फील्डिंगला उतरली होती. मी मान खाली घालून ढेकळं फोडत बसलो. तेवढ्यात भोंगा खरखरला. आता बोलिंगला येतोय, असं म्हणून कॉमेंट्रीवाल्यानं ते नाव घेतलं.

मी उठलो. हात वर जात नव्हता, तरी उठलो आणि मैदानाकडे चालू लागलो. तिनं मागून शर्ट धरून मला खाली बसवलं. पलीकडच्या टोकाला अकोल्याहून आणलेला कुणी नवा पोरगा तीच जर्सी घालून रनअप मोजत होता.

"बस बापू," ती म्हणाली. "त्याले टाकू दे."