ओठावरचा फोड

कवळ्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात साचे ओतणाऱ्या एका कारागिराला सगळे ‘अर्धे डॉक्टर’ म्हणायचे. म्हणणाऱ्यांची ती टिंगल होती, त्याला मात्र ती पदवी वाटायची. नऊ वर्षं मी शेजारच्या टेबलावर दातांना पॉलिश करत त्याचं ज्ञान फुकटात ऐकलं. दवाखान्यातून कुणाच्या जबड्याचा ठसा घेतलेलं माप आलं की हा आधी हातमोजे चढवायचा, माप जंतुनाशकात बुडवायचा आणि सांगायचा, माणसाचं तोंड म्हणजे जंतूंचं माहेरघर.

घरी बायको असताना हे महाशय दंतवैद्यांना सामान विकणाऱ्या एका बाईकडे जायला लागले. लपवाछपवी नव्हतीच. पलीकडच्या खोलीत गडीमाणसांना ऐटीत सांगायचे, की आमचं फक्त तोंडानं चालतं, त्याला संबंध म्हणत नाहीत. मूल होत नाही नि रोगही लागत नाही. मधली भिंत प्लायवूडची होती, त्यामुळे हे शास्त्र माझ्याही पदरात पडलं.

मग त्याच्या ओठाच्या कडेला फोड आला. दुखत नव्हता, म्हणून त्यानं तोंड आल्यावर लावतात ते मलम फासलं. महिन्याभरात फोड आपोआप गेला आणि यानं मलमाची पाठ थोपटली. पुढे तळहातांवर तांबूस डाग उठले. साच्याच्या प्लास्टरची ॲलर्जी, असं निदान करून त्यानं मालकाला प्लास्टर बदलायला लावलं. डाग तळपायांवरही होते. पायानं प्लास्टर कालवतोस का, असं मी विचारलं, तर म्हणाला, तुला यातलं कळत नाही.

एका बसत नसलेल्या कवळीची तक्रार घेऊन दाताच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी त्याचे हात पाहिले आणि रक्त तपासायला पाठवलं. सिफिलिस निघाला. तो रिपोर्ट घेऊन त्यांच्याशीच वाद घालायला बसला, की आम्ही तर फक्त तोंडानं.

“सिफिलिसला तोंड काय आणि खाली काय, सारखंच,” बाई म्हणाल्या. “फोडाला ओठ लागला, की झालं.”

मग त्यांनी त्याला शाळकरी पोरासारखं समजावलं. गनोरिया घशात बसतो आणि बहुतेकदा पत्ताही लागू देत नाही, म्हणून घशाचा नमुना मुद्दाम मागून तपासून घ्यायचा. हर्पिस, एचपीव्ही हेही याच वाटेनं येतात. एचपीव्हीवर लस आहे. पुरुषाला कंडोम, बाईसाठी पातळ रबरी पडदा, दवाखान्यात दाताभोवती ताणतात तसा. तोंडात किंवा खाली फोड असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर लांब राहायचं. हे सारं ऐकून यानं काय विचारावं? बायकोला काही न सांगता, टॉनिक म्हणून याच्या गोळ्या देता येतील का. बाईंनी सांगितलं, औषध इंजेक्शनचं आहे, आणि तिला खरं कळलंच पाहिजे.

बायको इस्त्रीचं दुकान चालवते. आमचे एप्रन तिच्याकडेच असतात, म्हणून पुढचं तिनंच मला सांगितलं. त्यानं शेवटी सांगितल्यावर तिनं एकटीनं जाऊन तपासणी करून घेतली. तिलाही लागण झाली होती. घरी येऊन तिनं त्याला एवढंच विचारलं, “परक्याच्या मापाला हात लावताना मोजे घालता. माझ्याजवळ येताना तुमची अक्कल कुठे होती?”

त्या विक्रेत्या बाईला कळवायची त्याची छाती होईना. शेवटी बायकोनंच फोन केला, आवाज न चढवता सांगितलं, की तपासून घ्या, सुईनं बरं होतं. ती बाई फोनवर रडली म्हणे. हिनं तिचं रडणं संपेपर्यंत फोन धरून ठेवला.

आता तिघांचेही उपचार झाले आहेत. बायको बहिणीच्या घरी राहते, ठरल्या तारखांना रक्त तपासून घेते. परत कधी येणार, असं तो अधूनमधून निरोपानं विचारतो. तुमचे पुढचे रिपोर्ट पाठवा, मग बघू, असं ती कळवते. अजून त्यानं एकही पाठवलेला नाही. सुईला भितो म्हणे.