राज्यशास्त्राच्या परिषदेत गूळ

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझ्याकडून सहसा चूक होत नाही. पण झाली, की भरल्या सभेत होते, माइकसमोर होते. ही तशीच आहे. ऐका, आणि मध्ये हसू नका.

मी सिल्वासाजवळच्या सायली गावात एका सुताच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मुकादम होतो. शिक्षण चौथीपर्यंत. धुळ्याकडून आलो आणि इथेच निवृत्त झालो. जॉबरने यंत्रं बंद पडू द्यायची नाहीत आणि माणसांना भांडू द्यायचं नाही. यंत्रं सोपी.

आमच्या खात्यात एक रीत होती. सुताची धूळ घशात बसते म्हणून कामगारांना गूळ मिळायचा. दोघांची जुंपली की मी एकच खडा मोडून दोघांच्या हातावर ठेवायचो. दोघांनी खाल्ला की विषय बंद. त्यावर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. गुळाची पुडी खिशात ठेवायची सवय मला अजून आहे.

माझी मुलगी सुनंदा सिल्वासातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. नेमणूक तात्पुरती. यंदा प्राचार्यांनी तिच्यावर एक परिषद सोपवली. राज्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, असा विषय. परिषद नीट पार पडली तर तिला कायम करा म्हणून ते वर शिफारस करणार होते. नाही तर दुसरीकडे नोकरी शोधायची.

“आप्पा, तुम्ही पहिल्या रांगेत बसा,” सुनंदा म्हणाली. “जेवण झालं की लोक पळतात. प्राचार्यांना रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर माझं काही खरं नाही.”

“मी काय करायचं?”

“काही नाही. फक्त बसायचं.”

एवढं सोपं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

जेवणानंतर व्यासपीठावर दोघं आले. मुंबईच्या गुप्ते बाई आणि सुरतेचे सावे सर. दोघंही साठीच्या आसपास, डोकी पांढरी. सुरुवात इंग्रजीत झाली, तोवर मी शांत होतो. तापल्यावर ते मराठीत आले.

“बाई, तुमच्या राज्यात गरिबाला उभं राहायला जागा नाही.”

“आणि सर, तुमच्या राज्यात कुणाला बसायची परवानगी नाही.”

“वीस वर्षं तुम्ही हेच बोलताय.”

“वीस वर्षं तुम्हाला ते कळत नाहीये, त्याला मी काय करू?”

मागे पोरं हसली. मला राग आला. दोन वडीलधारी माणसं पोरांसमोर भांडतात आणि कुणी उठत नाही? वीस वर्षं? आमच्या खात्यात भांडण चहाच्या सुट्टीपर्यंत टिकत नसे. व्यासपीठाच्या कडेला सुनंदा खाली मान घालून बसली होती. पोरीची परिषद डोळ्यांदेखत बुडत होती. मी उठलो.

सुनंदाने माझ्याकडे पाहून जोरजोरात हात हलवला. मला वाटलं, लवकर या म्हणते आहे.

मी वर गेलो. पुडी सोडली, खडा मोडला आणि दोघांपुढे धरला.

“हे काय?” सावे सरांनी विचारलं.

“गूळ. आधी खा, मग सांगतो.”

माझा आवाज कारखान्यातला आहे. दोघांनी खाल्ला. मी माइक हातात घेतला आणि रीत सांगितली. “वीस वर्षांचं भांडण मिटलं. आता यावर कुणी बोलणार नाही.”

टाळ्या पडल्या. मी त्या स्वीकारल्या.

“सुनंदा मॅडम,” सावे सर गंभीरपणे म्हणाले, “गूळ पोटात गेला. आता आम्हाला बोलता येणार नाही.”

“शब्द म्हणजे शब्द,” गुप्ते बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपले कागद पिशवीत घातले.

सुनंदा माझ्या कानाशी आली. “आप्पा, ते भांडण नव्हतं. तोच कार्यक्रम होता. अजून पाऊण तास चालायचा होता. सकाळी वापी स्टेशनवरून दोघं एकाच गाडीतून आलेत, एका डब्यातले पराठे खात.”

मी खाली पाहिलं. प्राचार्य घड्याळ बघत होते. वापीची गाडी धरणाऱ्यांनी पिशव्या उचलल्या होत्या. मी बिघडवलं होतं, तेव्हा दुरुस्तही मीच करायला हवं होतं.

“मी बोलतो,” मी म्हणालो. सुनंदाने डोळे मिटले.

मी राज्य कसं चालवावं ते सांगितलं. राज्य कारखान्यासारखं चालवावं. एक मोठा असावा आणि बाकीच्यांनी त्याचं ऐकावं. एवढ्यावर विषय संपला. बाकीचे लोक यावर पुस्तकं का लिहितात कळत नाही.

गुप्ते बाईंनी हात वर केला. “आप्पा, मोठ्याचं ऐकायचं, कबूल. पण मोठाच चुकला तर?”

“चुकत नाही.”

“समजा चुकला.”

“का समजू?”

“समजा, मोठ्याने दुसऱ्यांचा चालू कार्यक्रम बंद पाडला. मग?”

सगळं सभागृह हसलं. प्राचार्यही हसले. माझं डोकं फिरलं, आणि खात्यात उलट बोलणाऱ्याला जे ऐकवायचो तेच तोंडून गेलं.

“पाळी सुटल्यावर गेटवर भेटा.”

माइक चालू होता.

कारखान्यात याचा अर्थ काय होतो ते सायलीत कुणालाही विचारा. आणि हे मी मुंबईहून आलेल्या प्राध्यापक बाईंना म्हणालो होतो. सभागृह गप्प झालं. एखादं यंत्र चालू असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

बाईंनी चष्मा पुसला. “चालेल. पाच वाजता?”

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्यानंतर एकही माणूस उठला नाही. उचललेल्या पिशव्या खाली आल्या. मग पोरांनी निबंध वाचले, तेही सगळ्यांनी ऐकले. बातमी बाहेर गेली तशी दुसऱ्या वर्गांतली पोरंही येऊन भिंतीला टेकून उभी राहिली. प्राचार्य मागे वळून वळून गर्दी बघत होते. पहिल्या रांगेत मी एकटाच असा होतो, ज्याला पाच वाजू नयेत असं वाटत होतं.

वाजले. गेटवर चहाची टपरी आहे. तिथे मी उभा राहिलो. बाई आल्या आणि त्यांच्यामागे अख्खी परिषद आली. सावे सर दोघांच्या पिशव्या धरून होते.

“मी फक्त बघायला आलोय,” ते म्हणाले. “मी गूळ खाल्लाय.”

“आले,” बाई म्हणाल्या. “बोला.”

मी सुनंदाकडे पाहिलं. ती प्राचार्यांच्या शेजारी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता. मी आणखी एक शब्द चुकलो असतो तर ते तिच्या नोकरीवर बेतलं असतं.

“प्रश्न पुन्हा विचारा,” मी म्हणालो.

“मोठाच चुकला तर काय करायचं?”

मी टपरीवरच्या उकळत्या चहाकडे पाहिलं.

“त्याने सगळ्यांना चहा पाजायचा.”

बाई सावे सरांकडे वळल्या. “बघा. तुमच्या कुठल्या लेखात एवढं सरळ उत्तर आहे?”

“मला बोलायची बंदी आहे,” सर म्हणाले.

प्राचार्यांनी कप हातात घेतला. “मॅडम, शेवटपर्यंत भरलेली परिषद मी आज पहिल्यांदा पाहिली. तुमची शिफारस उद्याच पाठवतो.” मग माझ्याकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “पुढच्या वर्षी यांना जरा मागे बसवा.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

घरी येताना सुनंदा रिक्षात एवढंच बोलली. “आप्पा, मोठा चुकला की चहा, हा नियम घरातही लागू?”

“लागू,” मी म्हणालो. शंभर माणसांसमोर सांगितलेला नियम मागे कसा घ्यायचा?

तेव्हापासून घरचा चहा मी करतो. काल तीनदा करावा लागला.