आधी फळ, मग फूल

लेकीनं जव्हारच्या बाजारातून आणलेल्या सेंटचं झाकण आज उघडलं, तर पिकल्या पेरूसारखा वास आला आणि मला पोशेऱ्याचं आमचं अंगण दिसलं.

ठाण्याला कामाला लागल्यावर आईसाठी मी असाच सेंट नेला होता. तिनं बाटली हुंगली आणि हात मागे घेतला. “फळाचा वास हाय, बाय. नवं फळ देवाला दावल्याबिगर कसं घेऊ?” पहिला थेंब तिनं शेंदूर फासलेल्या देवाच्या दगडाला लावला, दुसरा स्वतःच्या मनगटाला, आणि नाचणी पाखडायला बसली.

थोड्या वेळानं तिनं मनगट माझ्या नाकाशी धरलं. अंगाच्या उबेनं फळ विरून मोगरा उमलला होता, त्याखाली तिचा घाम आणि चुलीचा धूर. गार दगडाला मात्र अजून नुसता फळाचाच वास होता.

“आधी फळ, मंग फूल! उलटंच झाड हाय हे,” आई हसली.

आता आई नाही. आज पहिला थेंब मी तिच्या फोटोच्या काचेला लावला, आणि तिथंच बसून राहिले.

“आई, सारखं काय हुंगतेस?” लेकीनं विचारलं.

“फूल येतंय का बघते.”

काच गारच होती.