वहिनीच्या आळ्यातला पाला

हे मी बायकोलाही कधी सांगितलं न्हाई. परवा गावानं माझा सत्कार केला — अनुभवी मोसंबी बागायतदार म्हणून. पुढं माझी थोरली वहिनी बसून टाळ्या वाजवून राहिली होती. कसला अनुभवी? कसला बागायतदार?

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. चाकूरजवळ आमची बाग. थोरला भाऊ वारला, अर्धी बाग वहिनीकडं गेली. विहीर एकच — पाण्याची पाळी एक दिवस माझी, एक दिवस तिची. मी झाडांना युरिया टाकायचो. ती शेणखत टाकायची, आणि बुंध्याभोवतीच्या प्रत्येक आळ्यात पाला न् तुरीचं भुसकट, चांगला वीतभर थर. मी चारचौघांत म्हणायचो, वहिनी झाडांना गोधडी पांघरवून राहिली.

मग पावसानं दगा दिला. विहीर तळाला गेली. माझी पानं वाळून गळायला लागली — पाल्याखाली ओल टिकून तिची झाडं हिरवी. जमीन तीच, पाणी तेवढंच. त्यात निरोप आला, जिल्ह्याचे शेतीखात्याचे साहेब दोन्ही बागा बघायला येणार. मी काय दाखवणार होतो त्यांना? एका बाईनं मला हरवलं, याची लई आग झाली अंगाची.

तेवढ्यात वहिनीची आई जळकोटला आजारी पडली. निघताना म्हणाली, "भावजी, माझ्या झाडांकडं ध्यान ठेवा."

ठेवलं की. भर दुपारी एकेका आळ्यातला पाला दाताळ्यानं ओढला न् बांधावर पेटवून दिला. तिच्या पाळीचं पाणी — होय, तेही — माझ्या झाडांना सोडलं. ती महिन्यानं आली तेव्हा बाग करपली होती. मी म्हणालो, पाल्याला वाळवी लागली होती, म्हणून काढला.

शिव्या द्यायच्या ना मला? ती उलट म्हणाली, "माझंच चुकलं भावजी. तुमचं ऐकायला पाहिजे होतं." आणि मी — हरामखोर — मान डोलावली.

साहेबांना मीच समजावून सांगितलं, शेणखत-पाल्याच्या नादानं बाग कशी जाते ते. पुढं गावोगाव सांगत फिरलो. माझं ऐकून किती जणांनी आळी उघडी केली असतील?

वहिनीनं झाडं स्वतः तोडली. त्या साली वेळा अमावास्येला, रानातल्या जेवणाच्या सणाला, तिनं मला रानात जेवायला बोलावलं. भाज्या-दाण्यांची भज्जी, भाकरी, आंबील — सगळं त्याच मोसंबीच्या लाकडावर शिजवलेलं. वाढताना म्हणाली, "तुमच्यामुळं निदान अर्धी बाग तरी राहिली."

मी भज्जी दोनदा मागून घेतली.