उभ्याने वाजवलेली बागेश्री

आमच्या वडिलांना विलायतेतलं सगळं कळायचं. संस्थानी काळात सरकारांच्या लवाजम्याबरोबर ते एकदा तिकडे जाऊन आले होते आणि त्या एका फेरीवर त्यांनी उरलेला जन्म काढला. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, वडील साधे हेडक्लार्क झाले. तरी काटाचमचा कसा धरायचा हे विचारायला इंदुरातली मराठी घरं आमच्याकडेच यायची.

अशात युरोपात भरणाऱ्या तरुण वादकांच्या एका स्पर्धेसाठी दिल्लीला होणाऱ्या निवडीचं मला बोलावणं आलं. मला जायचं होतं. इतकं, की त्यापायी चालून आलेलं स्थळ मी नाकारलं. आमच्यात मुली नाकारल्या जायच्या, स्थळं नव्हे. त्यामुळे आईने दोन दिवस अबोला धरला.

मी व्हायोलिन घेऊन रियाजाला बसले, तर वडील दारात.

"जमिनीवर? तिकडे भरसभेत कोणी मांडी घालत नाही बेटा. एकदम जंगली दिसतं!"

मी समजावलं, आपण व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवतो, म्हणून डावा हात मोकळा राहतो आणि सुरावरून सुरावर न तुटता जाणारी मींड निघते. उभं राहिल्यावर हात वाद्य सावरणार की मींड काढणार?

"तू विलायत पाहिलीयेस?" वडिलांनी विचारलं. आमच्या घरातला प्रत्येक वाद या प्रश्नापाशी संपत असे.

मग संस्थानच्या मोडलेल्या बँडचे मास्तर मला शिकवायला आले. ते क्लॅरिनेट वाजवत. उभं राहण्याचा त्यांना जन्मभराचा अनुभव होता, व्हायोलिनचा नव्हता. पण एवढ्यातेवढ्यावरून वडील कोणाला कमी लेखत नसत. "छाती बाहर ताई, नजर सामने!" मास्तर ओरडत. मी हनुवटीखाली रुमाल, खांद्यावर पिनांनी जखडलेला पदर अशा थाटात बागेश्री वाजवी. मींड घसरली की मास्तर म्हणत, "कोई बात नाही ताई, पोज फस्क्लास आहे." सराफ्यात लोक वडिलांना थांबवून विचारत, "क्यों भिया, लडकी विलायत चालली म्हणे?" वडील नुसतं हसत. मला मास्तरांचा आणि वडिलांचा, दोघांचाही भयंकर राग येई.

दिल्लीला मंचावर पांढरीशुभ्र बैठक अंथरलेली. माझ्या आधीचा मद्रासचा मुलगा खुशाल मांडी घालून व्हायोलिन वाजवून गेला. माझा जीव भांड्यात पडला. माझं नाव पुकारलं आणि वडील उठले.

"जरा ये गद्दा हटवा दीजिए. हमारी लडकी खडे होकर बजाती है."

निवड समितीतली माणसं सभ्य. त्यांनी बैठक उचलायला लावली. चारचौघांत बापाला खोटं पाडायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी उभी राहिले. धैवतावरून मध्यमावर येताना हात घसरला तो घसरलाच.

समितीतले एक वृद्ध गृहस्थ हळूच म्हणाले, "बेटी, खडे होकर बजानेवाले तो उनके पास बहुत हैं. हमें बैठकर बजानेवाला भेजना था."

 घरी येऊन मी सतरंजी पसरली, बसले आणि तीच बागेश्री वाजवली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात कुठे अडला नाही. तशी मी आधी कधी वाजवली नव्हती, नंतरही नाही. वडील शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

"मग हेच तिथे का नाही वाजवलंस?" ते म्हणाले.