‘पडला’ आणि ‘मनूला कळवला’

माझ्या मामाने मला सलग दोन पावसाळे खोटं सांगितलं.

काल त्याचा तेरावा झाला. मी अजून इगतपुरीतच आहे, त्याच्या पडवीत. राग येतोय की रडू येतंय, खरंच कळत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी हवामानाच्या अंदाजाचं काम करते. पुण्यात हॉलभर कॉम्प्युटर आहेत, सगळे मिळून एकच गणित करतात. मी नाशिकच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांना कामाला लावते. उद्या कुठे किती पाऊस, हे ते गणित सांगतं.

मामा रेल्वेत सिग्नलला होता. स्टेशनवरचं पर्जन्यमापकही तोच बघायचा. रिटायर झाल्यावर त्याने परसात स्वतःचं बसवलं. त्याला तो ‘डबा’ म्हणायचा.

मी रोज संध्याकाळी त्याला उद्याचा अंदाज पाठवायचे. तो सकाळी साडेआठला छत्री घेऊन जायचा, डब्यातलं पाणी काचेच्या मापात ओतायचा आणि मला व्हॉट्सॲप करायचा. गुड मॉर्निंगचं फूल वगैरे नाही. नुसता आकडा.

घाटात माणसाने रोज मोजलेला पाऊस आम्हाला फार कमी ठिकाणचा मिळतो. त्यामुळे मामाच्या आकड्यावर माझी भारी भिस्त.

पहिल्या वर्षी माझा अंदाज आणि त्याचा आकडा जुळेचनात. कॉम्प्युटर सांगायचा त्याच्या दुप्पट मामा सांगायचा.

“मामा, तुझा डबा चुकतोय. पन्हळीचं पाणी पडत असेल त्यात.”

“मने, आयुष्य गेलं माझं मोजण्यात. तुझं मशीन हितं येऊन भिजलंय का कधी?”

मी त्याला शहाण्यासारखं समजावलं. मशीन नकाशाचे चौकोन पाडतं, एका चौकोनाला एक आकडा देतं.

“मग तुझ्या एकाच चौकोनात इगतपुरी आन घोटी दोन्ही बसली आसतील. हितं लय पडतो, घोटीला तेवढा नाय. तू दोघांना पाऊस सारखाच वाटून दिला.”

दोन मिनिटांत सांगितलं त्याने. मी ऐकलं का? छे.

“तुझ्या एका डब्यापायी माझं सगळं काम चुकीचं दिसतंय!” असं ओरडून मी फोन ठेवला.

पुढच्या पावसाळ्यात आकडे जुळायला लागले.

“डबा सरकवलास ना?”

“हां. सरकवला.”

मी खूश.

यंदा आम्ही चौकोन खूप लहान केले. चौकोन लहान केले की गणित प्रचंड वाढतं, एवढ्या मोठ्या मशीनलाही घाम फुटतो. नव्या गणितात इगतपुरीवर धो धो पाऊस. मामाला मी अजून जुन्याच गणिताचा अंदाज पाठवत होते, आणि त्याचा आकडा मात्र नव्याच्या जेमतेम निम्मा.

मीटिंगमध्ये मी छातीठोक सांगितलं, नवं गणित फुगवतंय, माझ्याकडे तिथे रोज मोजणारा माणूस आहे.

माझ्या शब्दावर ते गणित बाजूला ठेवलं गेलं.

मग मामा गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

काल पाहुणे गेल्यावर मामीने एक रजिस्टर हातात दिलं. “हे तुझ्या कामाचं. घेऊन जा.”

आधी नुसतं त्याचं अक्षर बघत बसले. मग रकाने दिसले. तारखेपुढे दोन.

एकावर लिहिलंय ‘पडला’.

दुसऱ्यावर ‘मनूला कळवला’.

लॅपटॉप उघडला. ‘पडला’चे यंदाचे आकडे आम्ही बाजूला ठेवलेल्या गणिताशी लावून बघितले. जवळपास सगळे जुळले.

“मामी, हे काय आहे?”

मामी ताटं पुसत होती. “तू फोनवर वरडली होती ना. दोन दिस नीट जेवले नाय ते. मला म्हणले, माझ्यामुळं पोरीचं गणित चुकीचं ठरलं तर तिला कामावरून काढतील का गं? मग तू सांजच्याला जे पाठवायची, त्याच्या आसपासचं कळवायचे.”

“मग खरा कशाला लिहून ठेवला?”

“रजिस्टरात खोटं लिहायचं नसतं, म्हणले.”

मला त्याचा राग येतोय. घाटाखाली गावं आहेत, धरणं आहेत. अंदाजावर लोक काय काय ठरवतात. कुणाचं काही झालं असतं तर?

आणि मामा माझी नोकरी वाचवत होता. जिला काहीही धोका नव्हता.

चूक नक्की कुणाची? तो खोटं बोलला, बरोबर. पण खरं बोलत होता तेव्हा मी त्याच्यावर ओरडले होते.

काल संध्याकाळी ऑफिसातल्या सरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, “नवं गणित परत लावू. आकडे का चुकले, ते मात्र लिहून दे.”

‘उपकरणात दोष’ लिहिलं. खोडलं. डबा चांगला होता.

‘मोजणाऱ्याची चूक’ लिहिलं. तेही खोडलं. मोजण्यात तो कधी चुकलाच नाही.

ती जागा अजून रिकामी आहे. काय लिहू, सुचत नाही.

इतके दिवस मामी सवयीने डबा रोज रिकामा करत होती, पण आकडा बघायचं तिला होत नव्हतं. मघाशी साडेआठला ती रजिस्टर आणि पेन घेऊन दारात उभी राहिली. मी छत्री घेतली. पाणी मापात ओतलं, लहानपणी त्याने शिकवलं तसं माप डोळ्यांसमोर धरलं आणि आकडा सांगितला.

“कुठल्या रकान्यात लिहू?”

“दोन्ही.”

“तोच?”

“तोच.”

मामीने सावकाश दोनदा लिहिला.

मामा, तुझा डबा बरोबर होता. तू असताना मी सांगायला हवं होतं.

नीट जा.