इंजिनाचा शेंदूर

श्रद्धा खोल असते म्हणतात. आमच्या इंजिनावरची दोन सूत जाड होती.

काल तुंबलेल्या मोरीत कॉस्टिक सोडा ओतला. त्याच्या साबणासारख्या उग्र वासाने मी एकोणीसशे तीसच्या दशकातल्या, पावसाने ओढ दिलेल्या एका भाद्रपदात, बारामतीजवळच्या आमच्या विहिरीवर पोचलो. चुलते, म्हणजे तात्या, दर खंडेनवमीला इंजिनाला तेल-शेंदूर माखत. तो साचून तेलाची भोके बुजली, इंजिन बंद पडले आणि ऊस पिवळा पडू लागला. तात्या छिन्नीने तो थर कोरडाच खरवडू लागले. केशरी धूळ मिशांवर बसली.

"तात्या, शेंदरात शिसं असतं. धूळ पोटात गेली तर विषच. सुटे भाग सोड्याच्या पाण्यात भिजवू."

"द्येवाचा शेंदूर इख? ह्येच शिकलास व्हय रं पुण्यात?"

"आणि त्या पाण्यात हात घालू नका, कातडी जाईल. सांडशी घ्या."

"द्येवाला सांडशीनं आंगूळ!"

दुपार वादात गेली. ऊस वाळतच होता. अखेर नारळ फोडून, इंजिनाची माफी मागून त्यांनी सांडशी धरली. शेंदूर सुटला, त्याखालचा हिरवा रंगही सुटला, भोके मोकळी झाली. संध्याकाळी पाटात पाणी आले. विज्ञान जिंकले, असे मला वाटले. तेव्हा वयच तसे होते.

पुढच्या महिन्यात खंडेनवमी आली. तात्यांनी इंजिनाला शेंदूर माखला, आणि उरलेला सांडशीला.